‘तवाच लिहून देल्लं होतं ना’ : घटस्फोटानंतर मुलीच्या कॉलेजचा खर्च कोणाचा?

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यातलं आहे. मी तिथल्या तालुका विधी सेवा समितीसोबत विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. मुलगी आणि तिची आई दोघींना विचारून लिहिते आहे. नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कलमं, रकमा आणि आमच्या चुका तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

लग्न २००५ चं. मुलगी मे २००६ मध्ये झाली. ती पाच वर्षांची असताना आई तिला घेऊन माहेरी आली आणि २०१४ मध्ये परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. तडजोडीत आईला एकरकमी २,४०,००० रुपये मिळाले. त्याच कागदावर एक ओळ होती : ही रक्कम पत्नी व मुलगी दोघींच्या पोटगीपोटी असून यापुढे दोघींचा कोणताही दावा राहणार नाही. आईनं सही केली. तिला तेव्हा सुटायचं होतं, एवढंच.

ते पैसे तिच्या वडिलांच्या आजारपणात आणि माहेरच्या घरामागे पत्र्याची एक खोली काढण्यात गेले. पुढे ती गावातच अंगणवाडी सेविका झाली. मानधन आता तेरा हजारांच्या आसपास येतं. वावर भावाच्या नावावर आहे. तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

वडील तांत्रिक कामाच्या पक्क्या नोकरीत आहेत. हातात ३९,००० च्या आसपास पगार पडतो. २०१६ मध्ये दुसरं लग्न केलं. घरात पत्नी, लहान मुलगा, म्हातारी आई आणि घरकर्जाचा हप्ता. दहा वर्षांत त्यांनी मुलीसाठी एक रुपया पाठवला नाही, पण दिवाळीला तिला भेटायला यायचे. हा माणूस वाईट आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आपली जबाबदारी २०१४ मध्येच संपली यावर त्यांचा मनापासून विश्वास होता.

अडचण

२०२४ मध्ये मुलगी बारावी झाली, सीईटी दिली. अमरावतीच्या बी. फार्मसी कॉलेजात नंबर लागेल असे गुण होते. त्याच जुलैत शासनानं निर्णय काढला : कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक मागास, ओबीसी वगैरे प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. गावात सगळ्यांनी आईचं अभिनंदन केलं. तिनं मुलीच्या वडिलांना फोन लावला तर ते म्हणाले, “आता तं सरकारनं पोरींचं शिक्षण फुकट केलं, मंग मले काहून मांगता? अन् तवाच लिहून देल्लं होतं ना.”

फुकट काय झालं आणि काय नाही, हे मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं मांडलं होतं. ते पान मी पाहिलं. तिघींत मिळून खोली, तिच्या वाट्याला महिन्याला २,५००, बारा महिने. मेस ३,०००, दहा महिने. शिक्षण शुल्काबाहेरची कॉलेजची इतर शुल्कं ९,०००. पुस्तकं, पांढरा कोट, प्रयोगशाळेचं सामान ८,०००. एसटीचं ५,०००, आणि त्यापुढे कंसात ‘अर्ध्या तिकिटानं’. मोबाइल, दवाखाना, साबण-पॅड वगैरे महिन्याला १,२५०. बेरीज ९७,०००. आईचं वर्षाचं मानधन दीड लाखाच्या थोडं वर.

दुसरी अडचण पैशाची नव्हती, आणि आम्हाला ती आधी सोडवावी लागली. मुलगी कुणबी, म्हणजे ओबीसी. राखीव जागेसाठी जात पडताळणी प्रमाणपत्र लागतं. जात पडताळणी समिती पुरावा मागते तो वडिलांच्या बाजूचा : १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद, आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, वंशावळ, आणि घरात कुणाला आधी पडताळणी मिळाली असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि शपथपत्र. बारावीत असतानाच कॉलेजातून अर्ज गेला होता, पण आईकडे यातला एकही कागद नव्हता, म्हणून तो त्रुटीत पडून होता. पडताळणी झालेली होती ती वडिलांच्या मोठ्या भावाची, म्हणजे मुलीच्या मोठेबाबांची.

ज्या घरावर खर्चासाठी दावा टाकायचा, त्याच घरातून कागद आणायचे होते. या प्रकरणाची खरी गाठ इथे होती.

समोरचे मार्ग

पॅनेल वकील (विधी सेवा समितीच्या यादीवरचे), आई, मुलगी आणि मी असे चौघं विधी सेवा समितीच्या खोलीत बसलो. 

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच : पोटगीचा अर्ज, तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे. हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. प्रक्रिया त्यातल्या त्यात जलद. पण त्यात मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असावं लागतं. सज्ञान मुलाला किंवा मुलीला तिथे पोटगी मिळते ती शारीरिक वा मानसिक कारणानं स्वतःला पोसता येत नसेल तरच. मुलगी मे महिन्यातच अठरा वर्षांची झाली होती. दार महिन्याभरापूर्वी बंद झालं होतं.

दुसरा मार्ग हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम २०. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल तर ती सज्ञान झाल्यावरही आईवडिलांवर तिला सांभाळायची जबाबदारी राहते. याच कायद्याच्या व्याख्येत ‘निर्वाह’ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांच्यासोबत शिक्षणही येतं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात हा फरक स्पष्ट केला : सज्ञान अविवाहित मुलीला कलम १२५ खाली नाही, पण कलम २० खाली मागता येतं. हा दावा आईनं करायचा नसतो, मुलीनं स्वतःच्या सहीनं करायचा असतो. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. आपल्या भागात बौद्ध कुटुंबं बरीच आहेत आणि ‘हिंदू कायदा आपल्याला नाही’ म्हणून अनेक जणी परत जाताना मी पाहिल्या आहेत.

मग २०१४ च्या त्या ओळीचं काय? वकिलांनी आईला समजावलं की स्वतःचा हक्क तिनं सोडला असेल, पण मुलीचा हक्क तिच्या सहीनं संपत नाही. न्यायालयं पुन्हा पुन्हा हीच भूमिका घेत आली आहेत. हे ऐकताना आईचा चेहरा मी विसरणार नाही. दहा वर्षं ती त्या सहीचा दोष स्वतःकडे घेऊन बसली होती.

कलम २० चा दावा कायद्यानं भक्कम होता, पण दिवाणी दावा म्हणजे तारखा. स्त्रियांना पोटगीच्या प्रकरणांत महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे आणि विधी सेवेचा वकील स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत मिळतो, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेळेचा होता. आणि मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं, “मी बाबांना कोर्टात उभं नाही करणार. दुसरं काही असेल तर सांगा.”

तिसरा मार्ग शैक्षणिक कर्ज. आई सहकर्जदार झाली तर वडिलांची सही लागत नाही आणि चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. पण चार वर्षांनी औषध दुकानात किंवा कंपनीत लागणाऱ्या मुलीच्या पहिल्या पगारावर हप्ता बसवायचा, आणि तोही पक्की नोकरी असलेला बाप जिवंत असताना, हे मला पटलं नाही. मी ते बोलून दाखवलं. वकिलांचं मत होतं की कर्ज हा शेवटचा आधार म्हणून हाताशी ठेवावा. ते बरोबर होते.

शासकीय योजनाही पाहिल्या. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे, आणि आईच्या नावावर जमीन नाही. ओबीसी वगैरे विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी असलेल्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचं घोडं उत्पन्नात वडिलांचा पगार धरायचा की नाही, यावर अडलं. अर्ज केला, पण त्यावर विसंबून राहता येत नव्हतं.

शेवटचा मार्ग दाव्यापूर्वीची तडजोड : विधी सेवा समितीकडे साधा अर्ज, दोन्ही बाजूंना बोलावून बैठक, आणि जमलं तर लोकअदालतीत निवाडा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. त्यावर अपील नाही, आणि पाळला नाही तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावून पगारातून वसुली करता येते. मुलीला हाच पटला.

नोटीस आधी की कागद आधी?

वकिलांचं म्हणणं : आधी नोटीस पाठवा, समोरचा माणूस गांभीर्यानं घेतो. माझं म्हणणं : नोटीस गेली की मोठेबाबा शपथपत्रावर सही करणार नाहीत आणि मुलगी राखीव जागा गमावेल. आईनं एकच प्रश्न विचारला, “ताई, कागद घेऊन मंग नोटीस धाडली तर आपन त्यायले फसोलं असं नाही होनार का?”

या प्रश्नावर आम्ही अडलो. पैसे मिळवण्याच्या घाईत तो बाजूला सारणं सोपं होतं. शेवटी ठरलं की नोटीस थांबवायची, पण लपवायचं काहीच नाही. मी स्वतः मोठेबाबांकडे जायचं आणि कागद मागण्याआधी सांगायचं की मुलगी वडिलांकडे खर्च मागणार आहे.

गेले. ओसरीवर बाज टाकलेली होती. ते खर्रा चोळत बसले होते. मी सगळं सांगितलं, कलमासकट. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आत जाऊन लोखंडी पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पडताळणी प्रमाणपत्र घेऊन आले. “पोरगी आमचीच होय. तिचे कागद अडवून मले काय भेटन?” दुसऱ्या दिवशी ते स्वतः तहसीलला आले, शपथपत्र केलं, वंशावळीवर सही केली. आजोबांचा दाखल-खारीज उतारा शाळेतून त्यांनीच काढून दिला.

त्रुटी दूर झाली आणि प्रवेशासाठी कागदपत्रं दाखवायच्या दोन दिवस आधी प्रमाणपत्र हातात पडलं. या सगळ्यात पाच आठवडे गेले. तेवढा उशीर आम्ही समजून-उमजून पत्करला होता.

बैठक

ऑगस्टमध्ये मुलीच्या सहीनं अर्ज गेला. वकिलांच्या सूचनेवरून त्यात वडिलांसोबत आईलाही सामील केलं. कलम २० ची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर आहे, आणि आईनं आपला वाटा आधीच लिहून दिला तर ‘सगळं माझ्याच बोकांडी’ हा मुद्दा उरत नाही. ही सूचना पुढे फार कामाला आली.

पहिल्या बैठकीला वडील आलेच नाहीत. दुसऱ्या बैठकीला मोठेबाबा त्यांना घेऊन आले. वडिलांनी २०१४ चा कागद आणला होता, चार घड्या पडलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवूनच बोलत राहिले. तडजोड करणाऱ्या वकीलबाईंनी तो पूर्ण वाचला, मान्य केला, आणि मग शांतपणे सांगितलं की हा तुमच्या दोघांतला करार आहे. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, तिनं काहीच लिहून दिलेलं नाही.

त्यांची खरी भीती नंतर बाहेर आली. “आज कॉलेज म्हनतीन, उद्या लग्नाचाही खर्च मांगतीन.” बाईंनी लपवलं नाही. अविवाहित मुलीच्या निर्वाहात लग्नाचा वाजवी खर्चही कायद्यानं येतो. पण आज मागणी शिक्षणाची आहे, तेवढीच लिहू. मला वाटलं आता ते उठून जातील. ते बसून राहिले.

रकमेची घासाघीस महिन्याला दोन हजारांपासून सुरू झाली. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करायचा, आणि आईही कमावती असेल तर तो दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटता येतो. त्या हिशेबानं ३९,००० आणि १३,००० म्हणजे तीनास एक. वडिलांनी घरकर्जाचा हप्ता आणि धाकट्या मुलाची फी पुढे केली. ते खर्चही खरेच होते.

मग मुलीनं वहीचं ते पान समोर सरकवलं. वडिलांनी ते ओळीवर बोट ठेवत वाचलं, शेवटपर्यंत. आणि विचारलं, “यात कपडे काहून नाही लिहिले?”

ती म्हणाली, “आहेत माझ्याकडे.”

त्यानंतर आकडा वर सरकायला फार वेळ लागला नाही. महिन्याला ५,५०० आणि दरवर्षी प्रवेशाच्या वेळी ८,००० यावर एकमत झालं. म्हणजे वर्षाला ७४,०००. उरलेले २३,००० आईचे. पैसे थेट मुलीच्या खात्यावर, दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत. शिष्यवृत्ती किंवा योजनेचे पैसे मिळाले तर ते आधी आईच्या वाट्यातून वजा व्हावेत, ही सूचना वडिलांनीच केली. सप्टेंबरच्या लोकअदालतीत निवाडा झाला.

निकाल

मुलीला अमरावतीत प्रवेश मिळाला. शिक्षण शुल्क माफ झालं. मार्चपर्यंत पैसे वेळेवर आले. एप्रिल आणि मे कोरडे गेले. वडिलांचं उत्तर : “सुट्टीत कायची मेस? कॉलेज चालू नाही तं पैसे कायचे?”

निवाडा काढून पाहिला. त्यात ‘शैक्षणिक वर्षात दरमहा’ असं लिहिलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं, आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं की खोलीचं भाडं बारा महिने चालू असतं. दरखास्तीच्या तयारीत बसलो असतो तर या दोन शब्दांवरच भांडण लागलं असतं. समितीकडून पत्र गेलं, मोठेबाबांनी फोन केला, आणि जूनमध्ये दोन्ही महिन्यांचे पैसे एकत्र आले. नंतर दोघांच्या सहीनं ‘बारा महिने’ असं पुरवणी लेखी करून घेतलं.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका प्रकरणात मुलीला आईवडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळवण्याचा कायदेशीर हक्क असल्याचं पुन्हा म्हटलं. तिथे मुलगी आयर्लंडमध्ये शिकत होती आणि वडिलांनी दिलेली रक्कम ४३ लाखांची होती. आमच्या मुलीच्या ५,५०० रुपयांमागेही तोच हक्क आहे, हे मी आईला वाचून दाखवलं. तिनं ते कात्रण अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये ठेवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझी आहे. आई माझ्याकडे पहिल्यांदा आली ती डिसेंबर २०२३ मध्ये. मुलगी तेव्हा साडेसतरा वर्षांची होती. मी म्हटलं, “बारावी होऊ द्या, आत्ता तिच्या डोक्याला ताण नको.” चांगल्या हेतूनं म्हटलं. पण तेव्हाच कलम १२५ चा अर्ज गेला असता तर मुलगी अज्ञान असल्यानं तो आईच्या नावानं, तालुक्यातच, अंतरिम पोटगीच्या मागणीसह चालला असता. मुलीला सही करावी लागली नसती. अठरा पूर्ण झाल्यावर कलम २० चा मार्ग तसाही खुला होता. खरं तर तो अर्ज २०१४ नंतर कोणत्याही वर्षी करता आला असता. मुलीच्या वयाची तारीख मी विचारलीच नव्हती. आता पहिल्या भेटीत तोच प्रश्न पहिला विचारते.

दुसरी गोष्ट २०१४ ची. संमतीच्या घटस्फोटात मुलाच्या नावानं वेगळी रक्कम, वेगळं खातं आणि शिक्षणाची वेगळी अट लिहिली गेली असती तर दहा वर्षांचा हा गैरसमजच झाला नसता. आणि त्याच वेळी वडिलांच्या बाजूच्या कागदांच्या नकला, म्हणजे आजोबांचा उतारा, वंशावळ, जातीचा दाखला, या आईला द्याव्यात अशी एक ओळ घालायला काय लागतं? आपल्याकडे मुलाचं शिक्षण पैशाइतकंच या कागदांवर अडतं. घटस्फोटाच्या एकाही तडजोडीत मी ही ओळ पाहिलेली नाही.

हा मुलगा असता तर? कलम २० मुलाला सज्ञान होईपर्यंतच संरक्षण देतं. अठरा वर्षांच्या मुलाला मुलीसारखा सरळ रस्ता नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. अठराव्या वर्षी मुलगाही कमावता होत नाही, बारावीच होतो. म्हणून मुलगा असेल तर आईनं अठरा होण्याची वाट पाहू नये आणि संमतीच्या कागदातच पदवीपर्यंतचा खर्च लिहून घ्यावा.

नोटीस थांबवण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर वकिलांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, मोठेबाबा चांगले निघाले म्हणून जमलं, दुसऱ्या घरात पाच आठवडे वाया गेले असते. ते खरंच आहे. पण नोटीस आधी गेली असती तर ते चांगले आहेत हे आम्हाला कळलंही नसतं.

दोन गोष्टी अजून लटकत्या आहेत. निवाड्यात वार्षिक वाढ लिहिलेली नाही. दुसऱ्या वर्षी खोलीचं भाडं तीनशे रुपयांनी वाढलं, ते आई भरते आहे. परिस्थिती बदलली तर निर्वाहाची रक्कम बदलून मागता येते, पण त्यासाठी पुन्हा सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं लागेल. आणि मुलगी एखाद्या वर्षी मागे पडली तर काय, हेही लिहायचं राहिलं. पहिल्या सत्रात तिचा एक विषय राहिला होता, तो उन्हाळ्यात निघाला. निकाल लागेपर्यंत आईनं मला तीनदा फोन केला, आणि तिन्ही वेळा विचारलं की हे तिच्या बाबांना सांगावं लागेल का. मी सांगितलं, निवाड्यात तशी अट नाही. मुलीनं मात्र त्यांना त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.